पिवळीची आयुधपूजा

त्या विमानाभोवती दर रविवारी जी माणसं जमायची, त्यांतल्या निम्म्यांना स्वतःच्या सायकलची पडलेली चेन बसवता आली नसती. पण विमान उडवायचं, हे मात्र सगळ्यांचं ठरलेलं. वायुदलात नव्या वैमानिकांना शिकवायला वापरत तसलं ते जुनं पिवळं विमान होतं. एकामागे एक अशी दोन आसनं, पुढं भलंमोठं गोल इंजिन. कित्येक वर्षं ते हुबळीतल्या एका मैदानाच्या तोंडाशी सिमेंटच्या चौथऱ्यावर उभं होतं. पोरं पंखावर चढून घसरगुंडी खेळायची, कावळे आत घरटी करायचे आणि निवडणूक आली की शेपटाला झेंडे बांधले जायचे. रस्ता रुंद करायचा म्हणून ते हलवायची वेळ आली, तेव्हा गावातल्या काही प्रतिष्ठितांना एकाएकी त्याचा उमाळा आला. आमच्याकडे कशाचाही उमाळा आला की आधी समिती निघते, मग बॅनर लागतो, आणि वेळ उरलाच तर काम होतं.

मी यात ओढली गेले ती अप्पांमुळं. अप्पा म्हणजे माझे वडील. अळणावरजवळच्या एका खेड्यातलं शेतकऱ्याचं घर सोडून ते वायुदलात गेले आणि फिटर झाले. पंख, शेपूट, चाकं, पत्रा हे त्यांचं काम. सगळी तरुण वर्षं त्यांनी याच जातीच्या पिवळ्या विमानांखाली, त्यांच्या भाषेत 'पिवळी'खाली, उताणं पडून काढली. शिकाऊ पोरांना आत बसवायचं, पट्टे आवळायचे, चाकांखालच्या अडण्या ओढायच्या आणि बाजूला होऊन बघत राहायचं. एखादा वैमानिक मनानं चांगला असला की फिटरलाही एखादी फेरी मारून आणायचा. अप्पांची पाळी एकदा आली होती. मागच्या आसनावर बसले, पट्टा बांधला, आणि तेवढ्यात कुणा साहेबाचा पाहुणा आला. अप्पांना उतरवून पाहुण्याला बसवलं. पुढं बदली झाली, मग विमानंही बदलली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. शेवट दर वेळी एकच असायचा, "एकदा वर जायचं ऱ्हायलं बघ."

आता अप्पांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांचा विमानाच्या कामाचा अनुभव कळल्यावर समितीनं त्यांना शाल घातली, फेटा बांधला आणि भाषणात त्यांना चक्क वैमानिक करून टाकलं. "मी फिटर," असं अप्पा मोठ्यानं म्हणाले, पण टाळ्यांत ते कुणाच्या कानात शिरलं नाही. त्याच सभेत समितीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की विमान उडेल त्या दिवशी मागच्या आसनावर पहिले अप्पाच बसतील. मला वाटलं, झालं, तोंडाला पानं पुसली. पण अप्पांनी ते गाठीला बांधून ठेवलं.

अध्यक्षांबद्दल सांगायलाच हवं. त्यांचं विहिरीवरच्या पंपांचं दुकान. पोट पुढं, आवाज त्याच्याही पुढं. विमानाचा कारभार हाती आल्याबरोबर त्यांनी कातड्याचं एक जाकीट आणि मोठा गॉगल मिळवला आणि ऐन मे महिन्यात तो पोशाख करून ते अमरगोळच्या गोदामात येऊ लागले. बाजारआवाराजवळचं हे गोदाम एरवी कांद्याचं. पंख उतरवून विमान तिथं ठेवलेलं. आत कांद्याचा दर्प, वर तापलेले पत्रे, आणि मध्ये हे गृहस्थ घामानं डबडबलेले.

"जाकीट काढा की, अण्णा," मी एकदा म्हटलं.

"आयो अक्का, पायलट लोक असंच घालतात की!"

यांनी उंचावरून जग पाहिलं असलं तर ते पाण्याच्या टाकीवर चढूनच. पण बोलणार कोण?

आमच्या नवनगरच्या घरून मी अप्पांना स्कूटरवर मागं बसवून नेत असे. शाळेत गणित शिकवण्यात माझी हयात गेली आहे, त्यामुळं मूर्खपणा ओळखायला मला वेळ लागत नाही. तिथं तर तो ढिगानं पडलेला होता. रविवार सुरू व्हायचा तो सभेनं. सभेनंतर चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी आणि चहा. मग तेलकट हात पंखाला पुसून फोटो. हातात पाना धरून फोटो काढायचा तर पाना उलटा धरू नये, एवढंही कुणाला कळत नसे. पिवळा रंग नेमका कोणता लावायचा, यावर समितीचे दोन तट पडले आणि सबंध उन्हाळा त्यात गेला. एका निवृत्त प्राध्यापकांनी पिवळ्या रंगाच्या परंपरेवर व्याख्यान दिलं. इंजिनाचं खरं काम बंगळूरहून येणारे परवानाधारक इंजिनिअर करायचे. ते बिचारे येऊन, खाली मान घालून काम करून निघून जात, आणि वर्तमानपत्रात फोटो मात्र जाकिटाचा येई.

समितीला शिस्त लावली ती अप्पांनी. ते एक लाल कापड अंथरत. त्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हरची आकृती खडूनं काढलेली. काम संपलं की प्रत्येक वस्तू आपल्या आकृतीवर परत यायला हवी. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी कुणी घरी जायचं नाही, कारण विसरलेला पाना विमानात राहिला तर वर गेल्यावर कशात अडकेल ते सांगता येत नाही. एका रविवारी एक बारका पाना सापडेना. दुपार टळली, भजी गार झाली, प्राध्यापकांच्या घरून फोनावर फोन यायला लागले.

"पाना सापडंपर्यंत न्हाई," अप्पा दाराशी स्टूल टाकून बसले.

शेवटी तो सापडला अध्यक्षांच्या जाकिटाच्या खिशात. फोटो काढून झाल्यावर त्यांनी तो शोभेसाठी तसाच खोचून ठेवला होता. अप्पांनी नुसता हात पुढं केला, पाना घेतला आणि आकृतीवर ठेवला. त्यांच्या लेखी हा माणूस "अध्यक्षसाहेब" होता. साहेबाला बोलायचं नसतं, ही त्यांची नोकरीतली सवय. मला मात्र त्या दिवशी हसू आवरेना. दोन दिवस मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

अप्पांचं विमानाच्या बाबतीतलं डोकं असं लख्ख होतं. घरी मात्र ते अलीकडं विसरू लागले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी जेवताना विचारायचे, "तुझी आई जेवली काय?" गॅस चालू ठेवून फिरायला जायचे. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर समितीनं मागच्या आसनावर ताबडतोब दुसऱ्याला बसवलं असतं. त्या जागेवर डोळा ठेवून बसलेले पुढारी काय कमी होते? डॉक्टरांनी अप्पांची छाती तपासली, रक्तदाब तपासला, कान-डोळे तपासले आणि बरं आहे म्हणून सांगितलं. विसरण्याबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. विमान चालवणार होते ते बेळगावचे एक निवृत्त वैमानिक, फार कमी बोलणारे. मागच्या आसनापुढचा विमान वळवायचा दांडा त्यांनी आधीच काढून टाकायला लावला होता, म्हणजे मागं बसणाऱ्याचा हात कशाला लागण्याची भीती नव्हती. तेवढ्यावर मी मनाची समजूत घातली.

अशी काही वर्षं गेल्यावर परवानग्या आल्या, विमान जोडलं गेलं आणि विमानतळाच्या कडेच्या एका शेडमध्ये जाऊन उभं राहिलं. उड्डाण दसऱ्यानंतर लगेच ठरलं. मग दसऱ्याआधीची आयुधपूजा समिती कशी सोडणार? त्या दिवशी अख्ख्या हुबळीत माणसं आपापल्या यंत्रांना हळदकुंकू लावतात. कमरीपेठेतला शिंपी मशीनला लावतो, रिक्षावाला रिक्षाला लावतो, आणि आमच्या घरी अप्पा स्कूटरला, मिक्सरला आणि माझ्या शाळेच्या कंपासपेटीलाही लावतात. इथं तर साक्षात विमान. झेंडूच्या माळा नाकावरच्या पंख्यापासून शेपटापर्यंत गेल्या. चाकांखाली लिंबं ठेवली. कोहळा फोडताना प्राध्यापकांनी तो इतक्या जोरानं आपटला की बिया विमानाच्या पोटाला जाऊन चिकटल्या. सगळ्यांनी मोबाइल उंच धरलेले, त्यामुळं आरती म्हणायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं. अध्यक्ष जाकिटावर उपरणं घेऊन हळदकुंकवाचं ताट धरून उभे होते. एवढी सोंगं एका छपराखाली मी तरी कधी पाहिली नव्हती.

ते ताट धरून ते अप्पांच्या मागं मागं चालत होते, कारण मान अप्पांचा. अप्पांनी पंख्याला बोट लावलं, चाकांना लावलं, मग उजव्या पंखाच्या टोकाकडं गेले. तिथून पुढं एक बारीक नळी निघालेली असते. तिला पिटो म्हणतात. विमान पळू लागलं की तिच्या तोंडातून वारा आत शिरतो आणि वैमानिकापुढचा वेगाचा काटा हलतो. तोंड बुजलं की काटा मेला, आणि काटा मेला की वैमानिकाला आपण किती वेगात आहोत हे कळत नाही. हे मला ठाऊक होतं, कारण त्या नळीची लाल कापडी टोपी अप्पांनी माझ्याकडूनच शिवून घेतली होती. गांधीलमाशी आत घर करते म्हणून ती टोपी सदा घातलेली असायची. शिवताना त्यांनी सांगितलंही होतं, "आमच्यात आयुधपूजेला ह्या टोपीलाच कुंकू लावायचो."

त्या दिवशी अप्पांनी टोपी काढली. देवाला कुंकू लावताना वरचं वस्त्र बाजूला करतात, तशी हळूच काढली. ओल्या हळदकुंकवात बोट बुडवलं, नळीच्या तोंडावर दाबलं, वर चार अक्षता लावल्या, हात जोडले. मग खिशातला रुमाल काढून नळी वरून स्वच्छ पुसली आणि टोपी परत घातली. हे मी पाहिलं आणि ताट धरलेल्या अध्यक्षांनीही पाहिलं. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अप्पा करतात ते बरोबरच असणार. विमानाच्या बाबतीत अप्पा चुकू शकतात ही कल्पनाच तिथं कुणाच्या डोक्यात आली नसती.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी वैमानिकांनी टोपी काढून नळीकडं पाहिलं. बाहेरून ती चकचकीत होती. आधी ते एकटेच एक फेरी मारून येणार होते, मग अप्पांना घेऊन जाणार होते. अप्पा डोक्याला कातडी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखे. इंजिन सुरू झालं तसा त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं पाहिलं. विमान धावपट्टीवर पळालं, पळालं, आणि शेपूट उचलल्या उचलल्या परत खाली टेकवून थांबलं. वळून परत आलं.

वैमानिक उतरले. "वेगाचा काटा हलत नाही."

इंजिनिअरांनी नळी सोडवली, आतून बारीक तार घातली. वाळलेला तांबडा-पिवळा गोळा बाहेर आला. त्यात तांदळाचा एक दाणा होता.

वैमानिकांनी तो गोळा तळहातावर घेतला आणि सगळ्यांसमोर धरला. "हे कुणी केलं?" आवाज चढवला नाही. "थोडा पुढं गेलो असतो तर वर गेल्यावर कळलं असतं. ज्यानं हे केलं, तो या विमानाजवळ पुन्हा दिसता कामा नये. तो दिसला तर मी येणार नाही."

प्राध्यापक ढगांचा अभ्यास करू लागले. एकजण मोबाइलमधले पूजेचे फोटो घाईघाईनं खोडत होता. मी अप्पांकडं पाहिलं. ते पुढं वाकून त्या गोळ्याकडं पाहत होते आणि त्यांच्या तोंडावर शुद्ध किळस होती. आपलं काही चुकलं याचा मागमूसही नव्हता. पूजेचा तो क्षण त्यांच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. आता कळणार. आता सगळं विसरणं बाहेर येणार, आणि त्यांना पुन्हा एकदा त्या आसनावरून उतरवणार, या वेळी कायमचं.

"मी, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहून मान किंचित हलवली. गप्प राहा, अशी.

"पूजेच्या दिवशी. ताट माझ्याच हातात होतं की. म्हटलं, एवढी नळी तेवढी कशाला ऱ्हायला पाहिजे? चुकी झाली, साहेब. समितीचा अध्यक्ष या नात्यानं या सर्वांसमोर मी जाहीरपणे..."

त्यातसुद्धा भाषण. माणूस खोटं बोलतानाही व्यासपीठावरून उतरेना. पण ते भाषण पुरं झालंच नाही, कारण अप्पा उठले. खुर्चीला टेकवलेली काठी तशीच सोडून तरातरा चालत अध्यक्षांपुढं जाऊन उभे राहिले.

"अक्कल हाय काय तुला?" अप्पा ओरडले. "पिटोच्या तोंडात कुंकू? गळ्यात माळा घालून घेतल्यास म्हणून शहाणा झालास? वर गेल्यावर मेला असता की ह्यो माणूस! टोपीला लावायचं असतंय, टोपीला! एवढं बी ठाऊक न्हाई, आन् जाकीट घालून हिंडतोस?"

आयुष्यात कुठल्या साहेबाला त्यांनी अरे-तुरे केलं नव्हतं. सगळ्या समितीसमोर, इंजिनिअरांसमोर, शेडच्या दाराशी जमलेल्या विमानतळाच्या माणसांसमोर ते त्या माणसाला फाडून खात होते. जे ते बोलत होते त्यातला शब्दन् शब्द खरा होता. फक्त माणूस चुकीचा होता.

"हौद्री, अप्पा, खरं हाय," अध्यक्ष मान खाली घालून म्हणाले. "चुकलं माझं."

"बाहीर हो!"

अध्यक्ष बाहेर झाले. जाताना जाकीट काढून हातावर घेतलं. आत घामानं पार भिजलेला सदरा होता.

त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. काय बोलावं ते मी ठरवलं नव्हतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "अक्का, ते सोडा. अप्पांना थंडी लागंल वर. आतून स्वेटर घालून आणा," एवढं सांगून फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात विमान उडालं. वैमानिक आधी एकटे फिरून आले आणि मग अप्पांना मागं बसवून घेऊन गेले. अप्पांचा पट्टा मीच आवळला, त्यांनी शिकवल्याप्रमाणं. इतकी वर्षं कांद्याच्या गोदामात भजी खाण्यापलीकडं काही न केलेल्या माणसांनी टाळ्या पिटल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. प्राध्यापक तर रडले. मी त्यांच्यात उभी राहिले नाही. कुंपणापलीकडं, रस्त्याच्या कडेला चहाच्या गाड्याजवळ, अध्यक्ष उभे होते. जाकीट नव्हतं. नुसत्या सदऱ्यात ते कुठल्याही पंपाच्या दुकानदारासारखे दिसत होते. डोळ्यांवर आडवा हात धरून वर पाहत होते. ज्या विमानापायी त्यांनी घरच्यांची बोलणी खाल्ली, माझ्यासारख्यांचं हसू सोसलं, ते विमान पहिल्यांदा उडताना त्यांनी पाहिलं ते रस्त्यावरून.

अप्पा उतरले तेव्हा त्यांच्या गालांवर वाऱ्यानं पाण्याचे ओघळ मागं कानापर्यंत गेले होते. "दिसलं," एवढंच म्हणाले. काय दिसलं ते मी विचारलं नाही. कुणीतरी पेढे वाटायला लागलं. अप्पांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा हातात घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"तो पंपवाला कुठं हाय?"

"बाहेर आहे, अप्पा. कुंपणाजवळ."

त्यांनी मान वळवून कुंपणाकडं पाहिलं. मग पेढा माझ्या हातावर ठेवला. "ह्यो त्याला दे. पर आत घिऊ नका. असल्या माणसाला विमानाजवळ आणायचं न्हाई."

मी फाटकातून बाहेर गेले आणि पेढा त्यांच्या हातात दिला. एकाएकी ते आवडायला लागले असं काही नाही. त्यांच्या भाषणांना मी आजही नाकं मुरडते. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडं मला नीट पाहता येईना.

"अप्पांनी दिलाय," मी म्हटलं.

"होय? काय म्हणाले?"

मी जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर हाय की त्यांचं," ते म्हणाले, आणि पेढा खाऊन त्यांनी हात विजारीला पुसले.